आटपाडीच्या सर्व्हरचा नारळ

खंडेनवमीला आटपाडीतल्या एका डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये सगळ्या यंत्रांची पूजा होते. वजनकाटे, फळं निवडायचं मशीन, सरकते पट्टे, ट्रॉल्या आणि ऑफिसच्या मागच्या खोलीतला सर्व्हर, सगळ्यांना झेंडूचे हार. सर्व्हरपुढचा नारळ दर वर्षी आमच्या कंपनीचा फिल्डवरचा माणूस फोडायचा. तो नारळ मला फोडायचा होता.

आमच्याकडे बायकांच्या हेव्याला साडी, दागिना, फार तर जावेचा सोफासेट एवढीच कारणं ठरवून दिलेली आहेत. सर्व्हरपुढच्या नारळावरून एखादी बाई जळते म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तोही हसला. मग माझं तोंड बघून त्यानं विचारलं, "त्या माणसाचं तुला नक्की काय खुपतं?"

"सगळं," मी म्हटलं.

कंपनी सांगलीची. कुपवाडला औद्योगिक वसाहतीत एक गाळा, तिथं आमचं ऑफिस. शेठ हळदीच्या व्यापारातल्या जैन घरातले, पण हळद भावांवर सोडून कॉम्प्युटरच्या धंद्यात आलेले. लहानमोठे कारखाने, दोन-तीन दवाखाने, पाचगणीची एक निवासी शाळा, अशी आमची गिऱ्हाइकं. त्यांच्याकडचे सर्व्हर आम्ही सांभाळायचे. लग्न होऊन मी साताऱ्याला आले तेव्हा नोकरी सोडावी लागेल असं धरून चालले होते. पण शेठ म्हणाले, "घरून करा. सर्व्हरला काय, तुम्ही कुपवाडात बसलात काय आणि साताऱ्यात बसलात काय." सर्व्हरला फरक पडत नाही हे खरंच होतं. माणसांना पडतो, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तेव्हापासून कामाची वाटणी झाली. सर्व्हरच्या आतलं सगळं माझं: डेटाबेस, बॅकअप, सुरक्षा, कुणाला काय दिसावं आणि काय दिसू नये. बाहेरचं सगळं त्याचं: केबल, पंखे, धूळ आणि चालू-बंदचं बटण. तो वयानं माझ्याएवढाच. मोटारसायकल, पाठीला सॅक, सॅकमध्ये स्क्रू-ड्रायव्हर आणि कुणीतरी बांधून दिलेलं काहीबाही खायचं. कुठंही गेला की आधी चहा, मग चौकशा, मग काम. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, सगळं त्याला ठाऊक. आटपाडीचे लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. मला मात्र ते ओळखायचे फोनवरून, "साताऱ्याच्या ताई" म्हणून. कामात तो वाईट नव्हता. असता तर माझं सोपं झालं असतं.

एकदा आटपाडीला दुपारची लाइट आत-बाहेर करत राहिली आणि सर्व्हर अडकला. तो नेमका विट्याला होता, तिथून गेला, बटण दाबलं. मशीन सुरू झालं, पण डेटाबेस मोडलेला. शेतकऱ्यांच्या मालाची वजनं, थंड खोल्यांची तापमानं, सगळं त्यात. ती सगळी दुपार मी जेवणाचं ताट बाजूला सारून एकेक तक्ता दुरुस्त करत बसले. माल घेऊन आलेल्या गाड्या गेटवर उभ्या होत्या आणि पॅकहाऊसचे मॅनेजर दर थोड्या वेळानं फोन करत होते. उन्हं उतरली तेव्हा सगळं जागेवर आलं. मी डोळे चोळत मोबाईल बघितला तर त्याचा फोटो आलेला: मोटारसायकलच्या टाकीवर डाळिंबांचा क्रेट, मागे हसणारी माणसं. खाली लिहिलं होतं, "ताई, डाळिंबं दिलीत. तुमच्या वाटची ठेवतो."

माझ्या वाटची डाळिंबं साताऱ्यापर्यंत कधी आली नाहीत. कुपवाडला ठेवलेली मऊ पडायला लागली म्हणून ऑफिसात सगळ्यांनी खाऊन टाकली. त्यानंच फोन करून सांगितलं, आणि गोड होती असंही सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवशी मी ठरवलं की बटण आपल्या हातात घ्यायचं.

ते कठीण नव्हतं. चांगल्या सर्व्हरच्या पोटात आणखी एक छोटासा कॉम्प्युटर असतो. मोठा बंद असला तरी हा जागा असतो, फक्त भिंतीतली वायर चालू पाहिजे. त्याला केबल लावायला वेगळा पोर्ट असतो आणि त्यावर पान्याचं चित्र असतं. तो नीट लावून घेतला की लांब बसून मशीन चालू करता येतं, बंद करता येतं, ते उठताना पडद्यावर काय म्हणतंय ते वाचता येतं. म्हणजे मशीनजवळ उभं राहून बटण दाबणाऱ्या माणसाची गरज संपते. आटपाडीच्या सर्व्हरमध्ये तो होता, पण त्याचं लायसन घेतलेलं नव्हतं. मी शेठना फोन केला आणि म्हटलं, दर वेळी कुपवाडहून आटपाडीला माणूस पळवायचा म्हणजे त्याचा दिवस जातो, पेट्रोल जातं. शेठना पटलं. मनात माझ्या पेट्रोल नव्हतं. त्याचा पायच तिथून काढायचा, हे होतं.

केबल लावायला त्यालाच पाठवावं लागलं, यात गंमत होती आणि ती मी पुरेपूर घेतली. मी साताऱ्यात कानाला हेडफोन लावून बसले आणि तो आटपाडीला सर्व्हरच्या मागे वाकून.

"ताई, मागं लय पोर्ट हायत. कुठल्यात घालू?"

"पान्याचं चित्र असलेल्या."

"चित्र दिसंना. धूळ लय हाय. थांबा, बॅटरी मागवतो." मग लांब जाऊन, "बॅटरी हाय का रं कुणाकडं?" बॅटरी आली. तिच्या मागोमाग चहाही आला. मी लाइनवर, आणि तिकडं बशीत चहा ओतल्याचा आवाज. कुणीतरी विचारलं, "काय चाललंय डॉक्टर?" त्यावर त्यानं अगदी सावकाश सगळं समजावून सांगितलं, पान्याच्या पोर्टापासून साताऱ्यापर्यंत. 

मग कामाला लागलो. मशीनला चिकटवलेल्या पट्टीवरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड त्यानं वाचून दाखवला आणि मी तो ताबडतोब बदलला. छोट्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता कायमचा ठरवून दिला. बाहेरच्या इंटरनेटवरून कुणालाही त्याचं पान दिसता कामा नये. आधी कंपनीच्या व्हीपीएनमधून, म्हणजे फक्त आमच्या खासगी वाटेनं, आत यायचं, मगच त्या दारापर्यंत पोचायचं, अशी सोय केली. हे सगळं करताना मला फार आनंद होत होता. दाराला कुलूप लावताना किल्ली आपल्याच कमरेला आहे हे कळतं, तसा.

"आता मशीनला हात लावू नका," मी त्याला म्हटलं. "फक्त बघा."

मी सर्व्हर बंद केला. पंख्यांचा आवाज उतरत गेलेला फोनवरसुद्धा ऐकू आला. थोडं थांबले, आणि साताऱ्यातून, आमच्या गॅलरीच्या दारात ठेवलेल्या टेबलावरून, तो परत चालू केला.

"आयला," तो म्हणाला. मला वाटलं, आता कळलं असेल. पण तो दाराकडं जाऊन ओरडत होता, "या की बघायला. साताऱ्यावरनं ताई चालू करत्यात." त्याला इतका आनंद झाला होता की मला जिंकल्यासारखं वाटेना. ज्याला हरवायचं तोच टाळ्या वाजवायला लागला तर काय करायचं.

शेवटचं काम माणसांच्या खात्यांचं. त्या छोट्या कॉम्प्युटरवर माणसाला तीन पायऱ्यांवर बसवता येतं: एक सगळं करणारा, दुसरा चालू-बंद करणारा आणि तिसरा नुसतं बघणारा. मी स्वतःला सगळ्यात वर ठेवलं. त्याला चालू-बंदचा अधिकार देण्यात काहीच वावगं नव्हतं, उलट अडीनडीला बरं पडलं असतं. मी त्याला नुसतं बघणाऱ्यांत बसवलं आणि शेठना सांगितलं, सुरक्षेच्या दृष्टीनं हेच योग्य.

"मला कुठली पायरी दिली, ताई?" त्यानं विचारलं.

"बघायची."

"लय झालं की. बघाय मिळालं म्हंजे बास."

आणि तो खरंच बघायचा. त्या पानावर कोण आत आहे ते दिसतं. सकाळी मी पान उघडावं तर त्याचं नाव तिथं आधीच. म्हणे, चहा पिताना पंख्यांचे आकडे बघतो, सगळे सारखे फिरताना दिसले की बरं वाटतं.

मला वाटलं होतं, आता त्याचं आटपाडीला जाणं बंद होईल. कसलं काय. विट्याचं काम झालं की तो वाकडी वाट करून तिथं जायचाच. काम नसताना गेलेल्या माणसाला जास्तच चहा मिळतो. एकदा लाइट गेली, बॅटरीचा बॅकअप संपून सर्व्हर पडला. लाइट परत येताच मी इथून चालू केला. थोड्या वेळानं मॅनेजरांचा फोन. मॅनेजर म्हणजे सैन्यातून निवृत्त होऊन आलेले गृहस्थ, सगळे त्यांना फौजी म्हणतात. आवाजात कायम परेड.

"ताई, मगाशी बंद पडलं व्हतं. पर डॉक्टर हितंच व्हते. पाच मिनटात ऑल ओके."

"अहो, मी चालू केलं. इथून."

"व्हय व्हय," फौजी समजुतीनं म्हणाले, "तुमचं बी हाय की त्यात."

तुमचं बी. तो शब्द माझ्या घशात कितीतरी दिवस अडकून राहिला. मी त्याला फोन करून जाब विचारला. तो म्हणाला, "ताई, मी सांगितलं त्यांना, मी हातबी लावला न्हाई, ताईंनी केलं म्हणून. तर म्हणत्यात, डॉक्टरला जरा बी गर्व न्हाई." म्हणजे तो खरं बोलला तरी त्याचीच किंमत वाढायची. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला सुट्टी होती, तरी सवयीनं सगळ्या सर्व्हरची स्थिती दाखवणारं पान उघडलं. आटपाडी लाल. सर्व्हर नाही, आतला छोटा कॉम्प्युटर नाही, राउटरसुद्धा नाही. इतक्या कष्टानं लावलेली माझी वाट जमिनीत गडप झाल्यासारखी.  आग लागली असेल, चोरी झाली असेल, नाही नाही ते मनात आलं. फौजींना फोन लावला.

"सगळं बंद झालंय. काय झालं?"

"काय न्हाई ताई. आज खंडेनवमी. मेन स्विच पाडून कुलूप लावलंय."

"अहो, मशीन बंद करायचं तर मला सांगायचं. मेन पाडला की मला काहीच दिसत नाही."

"दिसाय कशाला पायजे?" फौजी म्हणाले. "बारा म्हैने ड्यूटी करतंय त्ये. एक दिवस सुट्टी नको व्हय? थंड खोल्यांची लाइन वायली हाय, ती चालू हाय. बाकी सगळ्यांला इसावा."

 बंद असतानाही जागं राहणारं यंत्र मी मोठ्या हिकमतीनं तिथं बसवलं होतं, आणि त्यांच्या लेखी यंत्राला झोपू न देणं हाच जुलूम होता. फोन ठेवला, तोवर आमच्या आणि पॅकहाऊसच्या मिळून असलेल्या ग्रुपवर फोटो आला. सर्व्हरला झेंडूचा हार, कपाळावर हळदकुंकू. माझ्या सांगण्यावरून लावलेल्या निळ्या केबललासुद्धा कुंकवाचं बोट. पुढे उकिडवा बसून नारळ फोडणारा तो, आणि पाणी सगळ्यांच्या पायावर उडालेलं. फौजींनी खाली लिहिलं होतं, "आमचे डॉक्टर."

मी त्या केबलवरचं कुंकू फोटो मोठा करून करून बघितलं. आत काय चालतं हे त्या खोलीतल्या कुणालाही माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब, नवऱ्यानं लॅपटॉपच्या झाकणावर लावलेलं कुंकू पुसू की नको या विचारात. मला रडू आलं. रागानंच आलं, पण आलं.

पुढच्या वर्षी मी जायचं ठरवलं. शेठना सांगितलं तर ते खूश झाले. "जा की. मी फौजींना कळवतो, आमच्या मुख्य इंजिनियर येतायत म्हणून." बायका नारळ फोडत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, तो नियम घरातल्या आणि देवळातल्या नारळाचा. सर्व्हरच्या नारळाला कसला आलाय नियम? सर्व्हर आला कधी आणि त्याचा रिवाज पडला कधी? आदल्या आठवड्यात मी गॅलरीतल्या पाट्यावर दोन नारळ फोडून बघितले. पहिला घसरून कुंडीत गेला. दुसरा एका दणक्यात बरोबर मधोमध फुटला. नवरा चार दिवस खोबऱ्याची चटणी खात होता, पण त्यानं कारण विचारलं नाही.

खंडेनवमीला सकाळी गाडी काढली. पुसेगाव, वडूज करत पुढं माळ लागला. रस्ताभर मी मनात तेच करत होते: उजव्या हातात नारळ, शेंडी कुठल्या बाजूला, किती जोर. पॅकहाऊसच्या गेटवर झेंडूचं तोरण होतं आणि फौजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते.

मला पाहून फळं निवडणाऱ्या बायका गोळा झाल्या. त्यातली एक वयस्क बाई पुढं आली, माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "आवं ताई, तुमीच व्हय त्या? फोनवर फौजीला दम देता त्या?" सगळ्या हसल्या. मी बोलले तशी ती म्हणाली, "व्हय गं, आवाज त्योच हाय." कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची. इतक्या वर्षांत त्या माणसांनी माझा आवाज ओळखीचा करून ठेवला होता, हे मला माहीतच नव्हतं. मी विरघळले. मला वाटलं, आता नारळाचं काही सांगायला नको, तो आपसूक येणार.

आणि आला. फौजींच्या बायकोनं मला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली. खण, गहू, एक टपोरं डाळिंब आणि नारळ. "लेक पयल्यांदाच दारात आली," ती म्हणाली. मी पदर नीट धरून बसले. पदरात नारळाचा भार पडला तेव्हाच मला कळून चुकलं. ओटीतला नारळ फोडायचा नसतो, घरी न्यायचा असतो. माझा मान इथंच, पाटावर, पूर्ण झाला होता.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल वाजली. तो आला. हेल्मेट काढायच्या आत चार जणांनी हाका मारल्या. माझ्यासाठी माणसं गोळा झाली होती, त्याच्यासाठी ती सैल झाली. मी अदबीनं बसवलेली पाहुणी होते, तो त्यांच्यातला होता. पाहुणचाराचा मोह मला कधी नव्हताच. मला ते हाका मारणं पाहिजे होतं.

सगळे सर्व्हरच्या खोलीत गेलो. खोली लहान, बायका दाराशी, मी बायकांत, पदरात ओटी. पूजा झाली. फौजींनी नारळ उचलला, "या डॉक्टर" म्हणाले. त्यानं नारळ घेतला, मागं वळून मला शोधलं आणि म्हणाला, "ह्या वर्षी ताईंना द्या की. खरं काम त्यांचं हाय."

 फौजी गोंधळले, पण क्षणभरच. "ताईंचा मान केलाय की आपण," ते माझ्या पदराकडं बोट करून म्हणाले. "बायामाणसानं नारळ फोडू ने. व्हय ना ताई?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी तिथं नाही म्हणायलाच आले होते, पण पदर सोडला असता तर गहू सांडले असते. "बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यानं नारळ फोडला. मधोमध, एका दणक्यात. पाणी माझ्याही पायावर उडालं. मला तेव्हा त्याचा राग आला तो आधीच्या सगळ्या रागांहून मोठा होता. त्याच्याजवळ होतं म्हणून त्याला ते इतक्या सहज देऊ करता आलं. लोक नाही म्हणाले तरी त्याचं काही जात नव्हतं, आणि होय म्हणाले असते तर तो नारळ मला त्याच्या मेहेरबानीनं मिळाला असता. मला तसाही तो नकोच झाला असता.

मग फौजी म्हणाले, "ताई, आता तुमी झोपवा त्येला. मागच्या साली आमी तसाच मेन पाडला, तर तुमी रागावला." मी ओटी खुर्चीवर ठेवली, लॅपटॉप उघडला आणि सर्व्हर नीट बंद केला. दिवे विझले, पंखे उतरत गेले. दाराशी उभ्या बायका माना पुढं काढून बघत होत्या. फौजींनी मेन पाडला, कुलूप लावलं, कुलपाला कुंकू लावलं. माझ्या पडद्यावर आटपाडी लाल झाली. खोलीत उभी असूनही मला आता तिथं पोचता येत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी मी साताऱ्यात, टेबलाशी. मुहूर्तावर फौजी मेन वर करणार आणि मी इथून सर्व्हर चालू करणार, असं ठरलं होतं. तोरण लावून झालेलं, स्वयंपाकघरात नवऱ्यानं ओटीतला नारळ हातात घेतला आणि विचारलं, "फोडू का? वड्या करतो म्हणालीस." मी पडद्यावरची नजर न काढता हो म्हटलं. ओट्यावर नारळ आपटल्याचा आवाज आला. तोही त्यानंच फोडला.

आटपाडी हिरवी झाली. छोटा कॉम्प्युटर जागा झाला, मी आत गेले. आत आधीच कुणीतरी होतं. त्याचं नाव, त्याची तिसरी पायरी. फोन वाजला.

"ताई, दसऱ्याच्या शुभेच्छा. करा चालू, मी बघाय बसलोय. घरातलीबी सगळी बसल्यात."

मी चालू केला. पडद्यावर अक्षरं धावायला लागली, आणि ती त्यालाही दिसत होती. तो मोठ्यानं वाचून घरच्यांना सांगत होता, आता मेमरी मोजतंय, आता डिस्क बघतंय. पंख्यांचे आकडे शून्यावरून वर चढले, आणि त्याच्या घरात कुणीतरी हसलं. "आलं," तो म्हणाला. एवढंच. त्या आवाजात हातचं राखलेलं काही नव्हतं. ज्या कामात त्याला हात लावायची मुभा मी ठेवली नव्हती, त्या कामाचा त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. आणि मी आदल्या दिवशी त्याच खोलीत, नुसतं बघायच्या जागी उभी राहून, आतून कोळसा झाले होते.

फोन ठेवल्यावर मी खात्यांचं पान उघडलं. त्याच्या नावापुढची यादी खाली ओढली, चालू-बंदच्या पायरीवर बाण नेला. मग वाटलं, दिली तर तो म्हणेल, कशाला ताई, बघाय मिळतंय म्हंजे बास. त्याला ती नको आहे म्हणून मला ती द्यावीशी वाटेना. पान बंद केलं.

तो अजून तिसऱ्याच पायरीवर आहे. मी सकाळी आत गेले की त्याचं नाव तिथं असतं; तो चहा पीत पंख्यांचे आकडे बघत असतो. आधी मला त्याच्या नारळाचा हेवा वाटायचा. आता त्याच्या बघण्यातल्या सुखाचा वाटतो, आणि ते काढून घ्यायचा अधिकार माझ्या खात्यात नाही.